मुखवट्याआडचा नट

जुन्या भयपटांतल्या नटांची तुलना निघाली की गाडी हमखास 'खरा ड्रॅक्युला कोण' या स्टेशनावर येऊन थांबते. बेला लुगोसी की ख्रिस्तोफर ली? मग तट पडतात, आणि बोलणं चालतं ते उंचीबद्दल, डोळ्यांबद्दल, केपबद्दल. अभिनय बाजूलाच राहतो.

नाट्यशास्त्रातली जुनी चौकट इथे कामाला येते: आंगिक (शरीराचा), वाचिक (आवाजाचा), आहार्य, सात्त्विक (आतल्या भावाचा). इतर चित्रपटांत आहार्य, म्हणजे वेश आणि रंगभूषा, नटाच्या मदतीला असतं. भयपटात तेच पुष्कळदा त्याच्या वाटेत उभं राहतं. कपाळावर कापसाचे थर, पापण्यांवर मेण, तोंडात खोटे दात, डोळ्यांत काचा आणि वर संवाद जवळपास शून्य. म्हणून आधी विचारायचं ते हे, की या नटाच्या हातात नेमकं काय शिल्लक ठेवलं होतं? ज्याचं तोंड बांधलंय त्याचे डोळे बघायचे, ज्याचा चेहरा झाकलाय त्याचा आवाज ऐकायचा. याच हिशेबाने मी पुढची मापं घेतली आहेत, आणि त्यात लाडके नट थोडे खालीवर झाले तर इलाज नाही.

सुरुवात लॉन चेनीपासून. आईवडील दोघंही मूकबधिर, त्यामुळे घरातला सगळा संवाद हातांनी आणि चेहऱ्याने. मूकपटाला याहून चांगली तालीम ती कुठली! 'सहस्रमुखी' म्हणून त्याची जाहिरात झाली, आणि रंगभूषा तो स्वतःच करायचा. १९२९ च्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला रंगभूषेवरचा लेखही त्याचाच. पण या कीर्तीने त्याचं नुकसानही केलं, कारण लोक मेकअप बघतात आणि तिथेच थांबतात. 'फँटम ऑफ द ऑपेरा' (१९२५) मधला मुखवटा ओढला जातो तो क्षण पुन्हा बघा. तो ऑर्गनसमोर बसलाय, तोंड कॅमेऱ्याकडे, नायिका पाठीमागे. मुखवटा निघतो तेव्हा चेहरा आधी आपल्याला दिसतो, तिला नंतर. त्या दोन क्षणांच्या मधल्या फटीत चेनी आधी दचकतो. म्हणजे राक्षस पहिल्यांदा घाबरतो, मग चिडतो, मग तिच्याकडे वळतो. हा क्रम उलटा असता तर तो नुसता बागुलबुवा झाला असता.

त्याचं सर्वोत्तम काम मात्र मला 'द अननोन' (१९२७) मध्ये दिसतं, आणि तिथे चेहऱ्यावर फारसं काही थापलेलंच नाही. ज्या मुलीला पुरुषांच्या हातांची किळस आहे तिच्यासाठी हा माणूस स्वतःचे दोन्ही हात कापून घेतो. परत येतो तर तिची किळस गेलेली आणि लग्न दुसऱ्याशी ठरलेलं. बातमी ऐकून चेनी हसायला लागतो, आणि ते हसू कापत नाहीत, लांबवतात. ओठ हसतच राहतात, पण गाल आणि डोळे कधी साथ सोडतात ते पकडता येत नाही. (पायाने वस्तू हाताळतानाच्या शॉट्समध्ये पाय दुसऱ्याचे आहेत, वरचा चेहरा त्याचा. हे कळल्यावर ती दृश्यं आणखीच थक्क करतात, कारण दुसऱ्याच्या पायांशी ताल जुळवायचा होता.)

मूकपटांतल्या नटांवर 'फार अतिरेकी' असा शिक्का मारण्याआधी एक तांत्रिक गोष्ट तपासावी. ते चित्रपट सेकंदाला १६ ते २२ च्या आसपास फ्रेम या वेगाने चित्रित झाले, तोही एकसारखा नसे. तीच फिल्म २४ फ्रेमच्या वेगाने चालवली की प्रत्येक हावभाव झटका दिल्यासारखा दिसतो, मान वळवणं म्हणजे मान मोडणं वाटतं. फुकट सापडणाऱ्या जुन्या प्रतींत हा दोष सर्रास आहे. चालणारी माणसं बदकासारखी तुरुतुरु दिसली की समजायचं, वेग चुकलाय. वेग थोडा कमी करून पाहायचा आणि मगच नटाला नावं ठेवायची.

कॉनराड फाइटची गोष्ट याच रांगेतली. 'द मॅन हू लाफ्स' (१९२८) साठी त्याच्या तोंडात एक पट्टी बसवली होती, तिचे आकडे ओठांचे कोपरे मागे खेचून धरत. त्या अवस्थेत बोलता येत नसे. म्हणजे चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग कायमचा हसरा, गोठलेला. सगळी भूमिका भुवया, पापण्या आणि तोंडावर धरलेल्या हातावर. कागदाने पडद्याचा खालचा भाग झाकून बघा: वरचा अर्धा चेहरा रडतोय. मग कागद काढा. माक्स श्रेकचा 'नोस्फेरातू' (१९२२) माझ्या लेखी याच्या खालचा. खांदे वर, हात शरीराला चिकटलेले, सांधेच नसल्यासारखी चाल, हे सगळं जबरदस्त. पण तो एक आकार आहे, माणूस नाही, आणि दिग्दर्शकाला बहुधा तेवढंच हवं होतं.

आता लुगोसी.

त्याच्यावरचा पहिला आरोप असा की त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि तेच योगायोगाने भयानक ठरलं. अर्धं खरं. अमेरिकेत तो आला तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होता, आणि मातृभाषा हंगेरियन. हंगेरियनमध्ये आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो आणि पुढची अक्षरं गिळली जात नाहीत. इंग्रजी बोलणारा माणूस वाक्यातली अर्धी अक्षरं खाऊन टाकतो; लुगोसी प्रत्येक अक्षराला पूर्ण किंमत देतो. त्यामुळे त्याचं वाक्य लांबतं आणि नेहमीच्या जागी उतरत नाही. पण विराम कुठे घ्यायचा हे भाषा ठरवत नाही, नट ठरवतो. 'ड्रॅक्युला'त (१९३१) मद्य नाकारताना तो 'मी कधीच पीत नाही' म्हणून थांबतो आणि मग 'वाइन' म्हणतो. १९२७ पासून ब्रॉडवेवर हीच भूमिका रोज करून त्याने विरामाला प्रेक्षक काय देतात हे मोजलेलं होतं. शिवाय १९३१ च्या त्या चित्रपटाला सुरुवातीचे सूर आणि नाट्यगृहाचं दृश्य सोडलं तर पार्श्वसंगीतच नाही. शांतता इतकी उघडी असताना चुकीचा विराम हास्यास्पद झाला असता. आणि हो, त्या चित्रपटात त्याचे सुळे एकदाही दिसत नाहीत.

लुगोसीची किंमत कळायला सगळ्यात सोपा प्रयोग तयारच आहे. इंग्रजी चित्रपटाचं चित्रीकरण चालू असतानाच, १९३० साली, त्याच सेटवर, रात्रीच्या पाळीत दुसऱ्या चमूने स्पॅनिश आवृत्ती चित्रित केली. पटकथेचा सांगाडा तोच, ड्रॅक्युला कार्लोस व्हियारियास. स्पॅनिश आवृत्तीत कॅमेरा जास्त फिरतो, लांबी जवळजवळ अर्ध्या तासाने जास्त, नायिका लुपिता तोवार इंग्रजी आवृत्तीतल्या नायिकेपेक्षा कितीतरी जिवंत. जवळपास प्रत्येक बाबतीत तो चित्रपट सरस, एक ड्रॅक्युला सोडून. जिन्यावरच्या स्वागताचा प्रसंग दोन्हीकडे लागोपाठ पाहा. व्हियारियास डोळे विस्फारतो, दात दाखवून हसतो, आणि भीती 'करून दाखवतो'. लुगोसी काहीच करून दाखवत नाही. तो यजमान आहे, पाहुण्याला बघून त्याला आनंद झालाय, आणि तो आनंद गरजेपेक्षा किंचित जास्त आहे. बस. स्थिर राहण्याची ही हिंमत ज्याच्याकडे नाही त्याच्या हातून ही भूमिका विनोदी होते.

मग त्याच्याबद्दल तक्रार काय? हीच युक्ती त्याने नको तिथेही वापरली. 'द ब्लॅक कॅट' (१९३४) मध्ये तो आणि बोरिस कार्लोफ समोरासमोर आहेत, आणि सहानुभूती लुगोसीच्या बाजूला आहे. काचेच्या पेटीत जतन केलेलं बायकोचं शव तो पाहतो तिथे तो खरोखर हलवून जातो. पण मांजर दिसलं की हात उंचावून मागे कोसळणं, ओठ थरथरवणं, हे मागच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी केलेलं आहे. कॅमेरा सहा फुटांवर असतो याचा विसर पडलेला. कार्लोफ त्याच चित्रपटात आवाज इतका सपाट ठेवतो की समोरचा आपोआप मोठ्याने बोलल्यासारखा वाटतो. दोन नटांच्या दृश्यात कमी करणारा जिंकतो, हे कार्लोफला पक्कं ठाऊक होतं.

लुगोसीला फक्त ड्रॅक्युलावरून तोलणाऱ्यांनी 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३९) मधला इगोर बघितलेलाच नसतो. फाशी देऊनही न मेलेला, मान वाकडी जुळलेला म्हातारा. केप गेली, ऐट गेली, भाषेचं ओझंही गेलं, कारण या पात्राला मोडकं बोलणंच शोभतं. तो लबाड आहे, विनोदी आहे, एकटा आहे. आपल्याला फाशी देणाऱ्या मंडळींवर खोकून मग घशात हाड अडकतं म्हणून सांगणारा इगोर हा शुद्ध विनोदी टायमिंगचा नमुना. त्या चित्रपटात कार्लोफही आहे आणि लुगोसी त्याला सरळ खाऊन टाकतो.

आणि त्याच्यावर झालेला अन्यायही सांगायला हवा. 'फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन' (१९४३) मध्ये साठीतला लुगोसी फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस झाला. आधीच्या भागाच्या शेवटी राक्षस आंधळा होतो, म्हणून लुगोसी हात पुढे पसरून चाचपडत चालतो. पण संकलनात राक्षसाचे संवाद काढून टाकले, त्यासोबत आंधळेपणाचा उल्लेखही गेला. उरला तो कारण नसताना हात पसरून चालणारा माणूस. पुढे जगभर पोरं राक्षसाची नक्कल करताना जी चाल करतात ती हीच. नटाने बरोबर केलेलं काम कात्रीने चुकीचं ठरवलं.

बोरिस कार्लोफला मी सगळ्यांच्या वर ठेवतो, आणि त्यासाठी पुरावा म्हणून पुन्हा हातच पुढे करतो. 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) मध्ये रंगभूषाकार जॅक पिअर्सने कापूस, कोलोडियन (चटकन वाळणारा चिकट द्राव) आणि डिंकाचे थर देऊन कपाळ बांधलं. रोजचे चार-एक तास. पापण्यांवर मेण लावायची कल्पना कार्लोफची, कारण डोळे फार शहाणे, फार समजूतदार दिसत होते. तोंडातली दातांची काढती पट्टी काढून त्याने एक गाल आत ओढला. जड बूट, ताठ पाय. म्हणजे धड आणि चेहरा दोन्ही जखडलेले. मोकळे उरले मनगट आणि बोटं. छतातली झडप उघडून उजेड आत येतो तो प्रसंग बघा. तो मान वर करतो, हात वर जातात, तळवे उजेडाला स्पर्श करू पाहतात. झडप बंद होते. हात लगेच खाली येत नाहीत. आधी ते मालकाकडे वळतात, तळवे वरच, मागणाऱ्या मुलासारखे. एकही शब्द नाही, आणि पुढच्या सगळ्या कथेचा पाया तिथे पडतो. तळ्याकाठी मुलीबरोबर फुलं पाण्यात टाकताना हातातली फुलं संपतात तेव्हाही तो आधी रिकाम्या हातांकडे पाहतो. मुलीला पाण्यात टाकतानाचा भाग पुढे सेन्सॉरने कापला आणि प्रेक्षकांनी त्याहून वाईट कल्पना करून घेतली. पुढे तो परत जोडला गेला. तो असलेलीच प्रत बघावी, नाहीतर कार्लोफच्या चेहऱ्यावरचा गोंधळ आणि घाबरणं हातून जातं.

'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३५) मध्ये राक्षस बोलतो, आणि ते कार्लोफला पसंत नव्हतं. बोलायचं म्हणून दातांची पट्टी तोंडात ठेवावी लागली, त्यामुळे गाल भरलेला दिसतो. १९३१ चा आणि १९३५ चा फोटो शेजारी ठेवला की लगेच कळतं. पण आंधळ्या साधूच्या झोपडीतलं दृश्य पाहिल्यावर त्याचं म्हणणं मला पटत नाही. प्रत्येक शब्द तो आधी तोंडात घोळवून बघतो, चवीसारखा. 'द ममी' (१९३२) मध्ये त्याने नेमकं उलट केलं. पट्ट्यांतला अवतार काही क्षणच दिसतो. बाकी वेळ तो वाळलेला, सुरकुतलेला माणूस आहे, जो कुणाला स्वतःला शिवू देत नाही आणि असा चालतो की धक्का लागला तर भुगा होईल. दोन वर्षांत दोन राक्षस, आणि दोघांच्या सांध्यांत काही साम्य नाही.

रंगभूषेशिवायचा कार्लोफ पाहायचा तर 'द बॉडी स्नॅचर' (१९४५). बग्गीवाला ग्रे घोड्याला थोपटतो, लहान मुलीला प्रेमाने उचलतो, आणि त्याच प्रेमळ आवाजात डॉक्टरला 'टॉडी' म्हणून डिवचतो. आवाज कधीच चढत नाही. त्याच्या बोलण्यात 'स'चा थोडा बोबडा उच्चार होता, आणि तो इथे लाडिकपणासारखा वापरलाय. लुगोसीबरोबरचं शेवटचं दृश्यही याच चित्रपटात. अर्थात प्रत्येक वेळी असं नाही. १९४० च्या दशकाच्या तोंडाशी त्याने वेड्या शास्त्रज्ञांच्या भूमिका घाऊक केल्या, त्यांत तो वेळेवर येऊन, नीट बोलून, घरी जातो.

मधल्या मंडळींबद्दल थोडक्यात. क्लॉड रेन्स 'द इनव्हिजिबल मॅन' (१९३३) मध्ये चेहऱ्याने फक्त शेवटच्या काही क्षणांत भेटतो. हा चित्रपट पडद्याकडे पाठ करून ऐका. वेड किती टक्के चढलंय ते आवाजाच्या वेगावरून कळतं. फ्रेडरिक मार्चला 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' (१९३१) साठी ऑस्कर मिळालं, विभागून का होईना. रूपांतर होताना चेहऱ्यावरचे रंग कॅमेऱ्याचे रंगीत फिल्टर बदलत उघडे केले आहेत, ती कमाल तंत्राची. मार्चची कमाल त्यानंतरची: हाइड पहिल्यांदा बाहेर पडतो आणि पावसात तोंड वर करून भिजतो, सुटलेल्या जनावरासारखा. पीटर लॉरी 'एम' (१९३१) मध्ये बराच वेळ सावली आणि पाठमोरा असतो, आणि मग शेवटच्या कबुलीत सगळं साठलेलं एकदम बाहेर काढतो. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'तल्या वेड्या रेनफिल्डचं, म्हणजे ड्वाइट फ्रायचं, हसू कुणी विसरत नाही, आणि त्याच्या कारकिर्दीचं नेमकं तेच झालं. लॉन चेनी धाकटा? लॅरी टाल्बट, म्हणजे 'वुल्फ मॅन', पाच चित्रपटांत केला, ओशाळा आणि अपराधी माणूस त्याला साधायचा. ड्रॅक्युला म्हणून मात्र तो चांगला पोसलेला शेतकरी वाटतो.

नट्यांना या प्रकारात जागाच कमी मिळाली. 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मधली एल्सा लँचेस्टरची वधू पडद्यावर काही मिनिटं आहे. मान पक्ष्यासारखी झटक्याने वळते आणि शेवटी ती फुत्कारते, तो फुत्कार तिने हंसांवरून घेतला होता. बार्बरा स्टीलने 'ब्लॅक संडे' (१९६०) मध्ये चेटकीण आणि निष्पाप मुलगी दोन्ही केल्या, आणि आवाज दुसऱ्याचाच डब केलेला. वाचिक संपूर्ण काढून घेतलं तरी दोघी बायका वेगळ्या कळतात. कुणाच्या पापण्या किती उघड्या आहेत तेवढं बघा.

ब्रिटनच्या हॅमर स्टुडिओच्या जोडीत लोकप्रियता ख्रिस्तोफर लीची, कारागिरी पीटर कुशिंगची. कुशिंगला सेटवर 'प्रॉप्स पीटर' म्हणत. त्याच्या हातात सतत काहीतरी असतं: भिंग, रुमाल, चाकू, कागद. हे वाटतं तितकं सोपं नाही. प्रत्येक टेकमध्ये त्याच शब्दावर तीच वस्तू त्याच हाताने उचलली नाही तर संकलनात जोड बसत नाही. कुशिंगची वस्तू विचार सांगते. 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९५७) मध्ये प्रेताचं शीर कापल्यावर तो रक्ताचा हात कोटाच्या पट्टीला पुसतो, लक्षही न देता. त्या एका पुसण्यात बॅरन फ्रँकेन्स्टाइनचं सगळं चारित्र्य आलं. 'ड्रॅक्युला'च्या (१९५८) शेवटी टेबलावरून धावत जाऊन पडद्यावर झेप घेणं आणि दोन मेणबत्तीदाण्यांचा क्रूस करणं, या त्याच्याच सूचना.

ली १९६ सेंटिमीटर उंच. त्याचा ड्रॅक्युला जिन्यावर सावली होऊन उभा राहतो आणि मग भराभरा खाली येऊन साध्या, सभ्य आवाजात बोलतो. पहिल्या काही दृश्यांनंतर त्या चित्रपटात त्याला संवादच नाहीत. 'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस' (१९६६) मध्ये तर एकही नाही, ली म्हणायचा, वाक्यं इतकी वाईट होती की मी नाकारली, पटकथाकार जिमी सँगस्टर म्हणायचा, मी लिहिलीच नव्हती. कोणी का असेना, नुकसान लीचं झालं, कारण त्याचा आवाज फार मोठं हत्यार होतं. ते मोकळं कसं सुटतं ते 'द विकर मॅन' (१९७३) मध्ये दिसतं. मूक भूमिकांत त्याची सरशी 'द ममी'त (१९५९). चिखलाने माखलेल्या पट्ट्यांतून फक्त डोळे, आणि आपली राजकन्या समोर दिसल्यावर ते डोळे विरघळतात. तरी कार्लोफशी तुलना केली तर लीचं शरीर ताकद सांगतं, दुखणं फार क्वचित.

व्हिन्सेंट प्राइसवर 'ओव्हरअ‍ॅक्टिंग'चा आरोप करणाऱ्यांनी तो कधी ते मुद्दाम करतो हे पाहावं. 'हाउस ऑफ अशर' (१९६०) मध्ये पात्राला आवाजाचा त्रास होतो, म्हणून तो कुजबुजतो आणि इतरांना कुजबुजायला लावतो. 'विचफाइंडर जनरल' (१९६८) चा तरुण दिग्दर्शक मायकेल रीव्हज त्याला सारखा 'कमी कर' सांगत राहिला, दोघांचं बिलकुल पटलं नाही, आणि प्राइसने पुढे मान्य केलं की पोरगा बरोबर होता. भुवया स्थिर, मखमली आवाज कोरडा झालेला. पण प्रत्येक चित्रपटात असाच प्राइस मागणं म्हणजे 'थिएटर ऑफ ब्लड'ची (१९७३) मजा घालवणं. सुमार नटाची भूमिका करायला फार चांगला नट लागतो.

वरचे दोन-तीन चित्रपटच बघायला वेळ असेल, तर त्यांत 'टार्गेट्स' (१९६८) धरावा. चित्रीकरणाच्या वेळी कार्लोफ ऐंशीचा, पायाला आधाराच्या पट्ट्या, फुप्फुसं थकलेली. भूमिका निवृत्तीला आलेल्या भयपटातल्या नटाची. त्यात तो बसल्या जागी मृत्यूची एक छोटी जुनी गोष्ट सांगतो, आणि कॅमेरा एकाच शॉटमध्ये हळूहळू त्याच्याजवळ जातो. कापूस नाही, मेण नाही, जड बूट नाहीत. ती दोन मिनिटं एकदा हेडफोन लावून ऐकायची, आणि एकदा आवाज बंद करून.